पांढऱ्या चड्डीचा मान

खडू मोडावा तसा आवाज झाला. फार मोठा नाही. फळ्यावर जोर देऊन लिहिताना मास्तरच्या हातात खडू मोडतो, तेवढाच. पण मैदानावर खडू कुठला? सराव घेणाऱ्या बाईंना वाटलं, कुणीतरी प्लॅस्टिकचा पेला पायाखाली चिरडला. त्यांनी मान वळवली, तर वळणावर त्यांची भाची पालथी पडलेली.

"ऊठ!" बाई ओरडल्या. "नाटकं नकोत! दांडी धर आणि ऊठ!"

भाचीने दांडी सोडलीच नव्हती. रिलेची ती पोकळ दांडी मुठीत आवळून ती कोपरावर उठली, डावा पाय पुढे ओढला, आणि तो पाय गुडघ्याच्या खाली, जिथे माणसाच्या पायाला सांधाच नसतो तिथे, वाकला.

बाईंची शिट्टी ओठात राहिली. वाजवायची होती की काढायची होती, ते त्यांना कळेना. कुणी धडकलं नव्हतं, खड्डा नव्हता, दगड नव्हता. सपाट मैदानावर, ऊन नीट पडलेलं असताना, धडधाकट पोरीचा पाय पळता पळता मोडला होता. आणि आपण तिला "नाटकं नकोत" म्हणालो, हे वाक्य मैदानावरच कुठेतरी लोंबकळत राहिलं होतं. कुणी ते खाली घेईना.

या पोरीला सगळे खार म्हणत. लहानपणी ती भिंतीवरून, कठड्यावरून अशी सुरसुर पळे की बाईंच्या भावाने, म्हणजे तिच्या बापाने, तिचं बारशाचं नाव जवळजवळ विसरूनच टाकलं होतं. भाऊ बसचा ड्रायव्हर. तो म्हणायचा, "ताई, माझी बस सिग्नलला तरी थांबते. तुझी भाची कशालाच थांबत नाही." घरी ती बाईंना आत्या म्हणे, मैदानावर बाकीच्यांसारखं बाई. लहान असल्यापासून तिला एकच गोष्ट हवी होती: आत्यासारखं पळायचं. बाहुली नको, सायकल नको. आत्याच्या जुन्या स्पाइक्स पायात घालून ती घरभर फरशीचे टवके उडवत हिंडायची.

आता बाईंच्या मैदानावरचा रिवाज सांगितला पाहिजे. तो ऐकून बाहेरच्या माणसाचा विश्वास बसत नाही, पण आत राहणाऱ्यांना तो सूर्य उगवण्याइतका साधा वाटायचा.

नव्या मुलीला धावायला काळी चड्डी मिळे. पांढरी मात्र मिळवावी लागे, आणि ती पळून जिंकून मिळत नसे. सराव करता करता जिची पाळी थांबे, तिलाच पांढरी. बाईंच्या वस्तादांनी बाईंना हेच शिकवलं होतं: पाळी थांबली म्हणजे अंगावरचं फालतू सगळं गळालं, अंग कसलं गेलं, मुलगी तयार झाली. वस्ताद मोठा माणूस, त्यांच्या शब्दाबाहेर जाण्याची प्राज्ञा नव्हती. शिवाय हिशोब सरळ दिसत होता. जिला डागाची भीती नाही, ती पांढरं घालेल.

मुलींनी त्याला आपली भाषा लावली होती. पाळी आली की घरोघरी बायका म्हणतात ना, कावळा शिवला? तसं ज्या दिवशी एखादीची खात्री पटे, त्या दिवशी ती बाईंच्या कानाशी येऊन म्हणे, "बाई, कावळा उडाला." मग बाई पत्र्याच्या खोलीतली पेटी उघडत, घडीची पांढरी चड्डी काढत आणि बाकीच्या पोरी टाळ्या वाजवत. रिलेच्या चौघींत लांबडीला ती आधी मिळाली, मग रेडिओला, मग मुंगीला. लांबडी उंच होती, रेडिओ बंद होत नसे, आणि मुंगी स्वतःच्या वजनाच्या दुप्पट ओझं उचले. तिघी पांढऱ्यात आणि बाईंची सख्खी भाची काळ्यात. खारीला ते फार लागलं होतं.

पुढे तिनेही मिळवली. हिवाळा लागताच एका सकाळी तिने बाईंच्या कानात सांगितलं, आणि बाईंनी तिला सगळ्यांसमोर मिठी मारली. एरवी बाई मिठी वगैरे मारणाऱ्यातल्या नव्हत्या. त्या हिवाळ्यात मैदानावर एकच जीव बाळसं धरत होता: पत्र्याच्या खोलीमागची भटकी कुत्री. "ही काय खाते एवढं?" बाई विचारत, आणि पोरी एकमेकींकडे बघत.

नडगी दुखते, असं खार वसंतात दोनदा म्हणाली होती. बाईंनी बर्फ चोळायला सांगितला होता.

दवाखान्यात हाडांच्या डॉक्टर बाईमाणूस होत्या, बाईंपेक्षा बऱ्याच लहान. पायात सळई घालून झाली होती, खार अजून गुंगीत होती. भाऊ खाकी गणवेशातच बाकड्यावर बसला होता, बस तशीच डेपोत लावून आलेला. भावजयीने पदराचं टोक तोंडात धरलं होतं.

"फोटोत जुनी चीर दिसते," डॉक्टर म्हणाल्या. "बरेच दिवसांची. आज ती पूर्ण मोडली, एवढंच. हाड तपासलं तर पातळ वाटतं. या वयात असं नसतं. ही जेवते नीट?"

"ताटावर बसते," भावजय म्हणाली. "उठते लगेच."

"पाळी शेवटची कधी आली होती?"

भावजयीने बाईंकडे बघितलं. "ते वन्संना ठाऊक. मला ती सांगत नाही."

बाईंनी पाठ ताठ केली. एवढ्या दुःखातही हा प्रश्न त्यांना ओळखीचा वाटला, जवळजवळ मानाचा. "थांबलीये," त्या म्हणाल्या. "हिवाळ्यापासून."

डॉक्टरांचं पेन कागदावर थांबलं. "हिवाळ्यापासून? आणि तुम्हाला माहीत होतं? मग काय केलंत?"

"टाळ्या वाजवल्या," बाई म्हणाल्या.

बाहेर ट्रॉलीचं चाक कुरकुरत गेलं. आपण काय बोललो ते बाईंना स्वतःच्या कानांनी ऐकू आलं, आणि ते दुसऱ्याच कुणीतरी, एखाद्या अडाणी, निर्दय बाईने म्हटल्यासारखं वाटलं.

डॉक्टर ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या खुर्ची पुढे ओढून बसल्या. "घरात पाणी कमी आलं की आपण आधी काय बंद करतो? अंगण धुणं. मग कपडे साठवतो. प्यायचं शेवटपर्यंत राखतो. शरीर तेच करतं. पळायला एवढं लागतं, पोटात जातं निम्मं. मग ते म्हणतं, पाळी बंद करा, तिच्यावाचून आज मरण नाही. पण पाळी ज्याच्या जोरावर येते, हाडंही त्याच्याच जोरावर राहतात. सरावात हाडाची रोज बारीक झीज होते. विश्रांतीत, झोपेत ती भरून निघते. तुमच्या मुलीच्या अंगात झिजवणारे रोज कामावर येत होते, भरणारा एकही येत नव्हता."

"पण आमच्याकडे सगळ्या..." बाई म्हणाल्या, आणि थांबल्या.

डॉक्टरांची नजर बाईंच्या उजव्या मनगटावर गेली होती. मनगट जरा वाकडं होतं. बाई नेहमी त्यावर घड्याळ बांधत. "हे कशाने?"

"पाय घसरला होता. बादली उचलताना."

"पाय घसरला की बादली उचलली?"

एवढ्या वर्षांत हा प्रश्न बाईंना कुणी विचारला नव्हता. स्वतः बाईंनीही नाही.

"तेव्हा वय काय होतं?"

"पस्तिशीच्या आत."

"आणि तुमची पाळी?"

भाऊ एकदम उठून खिडकीपाशी गेला आणि आयुष्यात प्रथमच पार्किंगचं कौतुक बघावं तसा बाहेर बघू लागला.

"मी पांढरीवालीच," बाई हळू म्हणाल्या. "वर्षानुवर्षं."

"तुमचीही हाडं तपासू," डॉक्टर म्हणाल्या. "ते नंतर. आधी हिचं. पाय जुळेल. पण पुन्हा पळायचं असेल तर हिने पोटभर खायला हवं, आणि पाळी परत यायला हवी. ऑपरेशनच्या आधी मी तिला पाळीचं विचारलं, तेव्हा तिने काही सांगितलं नाही. ती यायलाच हवी म्हटलं, तर पोरगी पाय मोडल्यावर रडली नव्हती ती तेव्हा रडली. म्हणाली, पाळी आली तर माझी चड्डी जाईल." त्यांनी तिघांकडे आळीपाळीने बघितलं. "ही चड्डीची काय भानगड आहे?"

कुणी सांगावं? भावजयीने पदर तोंडातून काढला. "वन्सं," ती म्हणाली, आणि पुढे काहीच म्हणाली नाही. वीस वर्षांच्या संसारात तिने बाईंना कधी उलट शब्द दिला नव्हता, आजही दिला नाही. तो दिला असता तर पेलला असता.

निघताना डॉक्टरांनी दारात गाठलं. "आणखी कुणाची थांबली असेल तर तिला पळवू नका. आधी माझ्याकडे पाठवा."

बाईंच्या डोळ्यांसमोर तीन पांढऱ्या चड्ड्या वळणावरून धावत आल्या. बाई तशाच मैदानावर गेल्या.

पत्र्याच्या खोलीत पोरी सुतक असल्यासारख्या बसल्या होत्या. येत्या रविवारी निवडीची मोठी शर्यत होती, आणि कोपऱ्यात बदली धावणारी महाराणी केळं हातात धरून, सोलू की नको अशा विचारात होती. तिला महाराणी हे नाव बाईंनीच ठेवलं होतं. ती काळ्या चड्डीतली. "बाई, आज माझं पोट दुखतंय, आज हळू पळते," असं ती सरळ सांगायची, आणि बाई म्हणायच्या, "या महाराणी, पालखी मागवू?"

"पांढरीवाल्यांपैकी कुणीही रविवारी पळायचं नाही," बाई म्हणाल्या. बसल्यासुद्धा नाहीत. "तुमची हाडं आतून पोकळ झाली असतील. खारीची झाली तशी. चूक माझी आहे, पण मी कुणाला पळू देणार नाही. उद्या तिघींनी डॉक्टरांकडे यायचं."

लांबडीने रेडिओकडे बघितलं. रेडिओने मुंगीकडे. मुंगीने छताकडे.

"बाई," रेडिओ म्हणाली, "रागावणार नाही ना?"

"तुझा पाय शाबूत आहे तोवर कशालाच रागावणार नाही."

"मग सांगते. माझा कावळा उडाला नव्हता."

"म्हणजे? परत आला?"

"गेलाच नव्हता, बाई. दर महिन्याला येतो. वेळेवर. पाहुण्यासारखा, पिशवी घेऊन."

बाईंनी पेटीचा आधार घेतला.

"माझाही," मुंगी छताला म्हणाली. "आतून काळी घट्ट चड्डी घालते मी. त्यात दोन-दोन लावते. वरून पांढरी."

"आणि तू?" बाईंनी लांबडीला विचारलं.

लांबडी पायाच्या अंगठ्याने जमीन उकरत होती. "माझा घोटा आहे ना, बाई..."

"घोट्याचं काय?"

"मुरगळतो ना तो दर महिन्याला. तो मुरगळत नाही."

बाई मटकन पेटीवर बसल्या. त्या घोट्याला त्यांनी स्वतःच्या हातांनी पट्ट्या बांधल्या होत्या. मिठाच्या गरम पाण्यात तो बुडवला होता, मांडीवर घेऊन चोळला होता. "जा घरी, दोन दिवस आडवी हो, पोटभर खा," असं त्या सांगत, आणि लांबडी लंगडत लंगडत फाटकापर्यंत जाई. फाटकाबाहेर कशी जाई कोण जाणे. झोपून, खाऊन परत यायची ती वाऱ्यावर बसून आल्यासारखी पळायची. बाई सगळ्यांना तिचं उदाहरण देत: बघा, याला म्हणतात जिद्द!

"माझी मांडी आखडायची, तेही तेच," मुंगी म्हणाली.

"माझा घसा बसायचा," रेडिओ म्हणाली.

"तुझा घसा बसला की मला बरं वाटायचं गं," बाई पुटपुटल्या. कुणीतरी फिस्सकन हसलं आणि लगेच गप्प झालं. हसू आणि हुंदका यांच्या मधोमध कुठेतरी सगळी खोली अडकली होती.

कोपऱ्यातून महाराणी म्हणाली, "वा! आणि मी खरं सांगायचे तर मला पालखी!"

बाईंच्या मनात दुसरंच काहीतरी हळूहळू, थंडगार, वर चढत होतं. घोटे, मांड्या, घसे. या पोरी खोटं बोलून अंगाचं ऐकत होत्या. थकवा यायचा तेव्हा आडव्या होत होत्या, भूक लागायची तेव्हा खात होत्या, आणि वर बाईंच्या हातची शेकशेगडी. खोटारड्या सगळ्या ठणठणीत होत्या.

"खारीचं काय मुरगळायचं?" त्यांनी विचारलं.

बाहेर कुत्री पत्र्याला अंग घासत होती.

"तिचं कधी काही मुरगळलंच नाही, बाई," रेडिओ म्हणाली. पहिल्यांदाच तिचा आवाज खरोखर बसला होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी खार उशीला टेकून बसली होती. पाय उंचावर बांधलेला, चेहरा धुतलेल्या बशीसारखा. बाजूच्या ताटलीत पाव, दोन उकडलेली अंडी, दूध. कशालाच हात लागलेला नव्हता. भावजय बाईंना बघून उठली, "बघा तुम्ही तरी," एवढं म्हणून बाहेर गेली.

"आत्या, माझी चड्डी कापली त्यांनी," खार म्हणाली. "कात्रीने. नवी देशील ना?"

बाई खाटेच्या कडेला टेकल्या. वाटेत त्यांनी पुष्कळ वाक्यं जुळवली होती, ती जिन्यातच सांडली होती. त्यांनी सरळ सांगून टाकलं: रिवाज चुकीचा होता, वस्ताद चुकले, मी चुकले. पाळी थांबणं ही तयारी नव्हे, ते अंगाने घातलेलं गाऱ्हाणं आहे.

खार ऐकत होती, पण लहान मूल सुई टोचण्याआधी डॉक्टरचं ऐकतं तसं.

"माझा पाय मोडला म्हणून तू असं म्हणतेस," ती म्हणाली. "लांबडीचा नाही ना मोडला."

"लांबडीची थांबलीच नव्हती. तिघींचीही नाही. खोटं बोलल्या त्या."

बाईंना वाटलं होतं, हे ऐकून पोर हादरेल. रडेल, चिडेल, मैत्रिणींना शिव्या घालेल. खारीने नुसती मान डोलावली.

"मला माहितीये," ती म्हणाली. "रेडिओच्या पिशवीत पॅड दिसलं होतं मला. केव्हाच."

"माहीत होतं? आणि तरी तू..."

"तरी काय, आत्या? म्हणून तर!" तिच्या बशीसारख्या चेहऱ्यावर एकदम उजेड आला. "त्या सगळ्या खोट्या. खरी मी एकटीच. मी डबा कुत्रीला घालायचे. रोज. भूक लागली की पाणी प्यायचे. मला माहीत होतं, सगळ्या मैदानात तुझ्यासारखी मी एकटीच आहे."

ती कौतुकाची वाट बघत होती. मोडलेला पाय टांगून, ओठ सुकलेले, आणि डोळ्यांत तीच टाळ्यांची वाट.

हाड मोडल्याचा आवाज बाईंनी काल ऐकला होता. हे त्याहून मोठं होतं, आणि याला आवाजच नव्हता.

त्यांनी मनगटावरचं घड्याळ सोडलं. ते त्या कुणासमोर सोडत नसत. वाकडं, गाठाळलेलं मनगट त्यांनी खारीच्या मांडीवर ठेवलं, बँडेजच्या शेजारी.

"माझ्यासारखी म्हणजे अशी," त्या म्हणाल्या. "नीट बघ."

"हे तू पडलीस तेव्हाचं ना?"

"मी पडले नव्हते. अर्धी बादली होती. उचलली आणि मोडला. अर्ध्या बादलीने हात मोडतो का गं माणसाचा? लाज वाटली, म्हणून पाय घसरल्याचं सांगितलं. सांगता सांगता मलाच खरं वाटायला लागलं."

खारीने एक बोट त्या गाठीवर ठेवलं. हळूच दाबलं. "दुखतं?"

"गार हवेत. आणि तुला पडलेली बघितल्यापासून सारखं."

पलीकडच्या खाटेवरची म्हातारी आपल्या सुनेला दुधात साखर कमी असल्याचं सांगत होती.

"मग आता मी कोण?" खार म्हणाली. तोंड वाकडं झालं तिचं. "पांढरी पण नाही, पळणारी पण नाही."

"पेटी मी आज भंगारात घातली," बाई म्हणाल्या. "सगळ्या काळ्यात पळतील. रविवारी तुझ्या जागी महाराणी पळेल. जिला जेव्हा दुखेल ती सांगेल आणि थांबेल, हा नवा नियम. पळायचंय का तुला पुन्हा?"

हो म्हणायला तिला वेळ लागला नाही. मान आधी हलली, पाणी मागून आलं.

"मग खा."

खारीने ताटलीकडे बघितलं. अंड्याकडे ती साप बघावा तशी बघत होती. हात पुढे गेला, मागे आला. "माझ्याच्याने होत नाही, आत्या. पोटात गेलं की वाटतं, हरले." आणि मग, डोळे बारीक करून, बापाच्या वळणावर गेलेली ती पोर म्हणाली, "तू तरी कुठे खातेस? तू सकाळी नुसता काळा चहा पितेस. मी लहानपणापासून बघतेय. तू आज काय खाल्लंस?"

आज बाईंनी काही खाल्लं नव्हतं. कालही नाही. आठवत गेल्या तसं मागे मागे नुसता चहाच दिसत गेला.

"बघ!" खार म्हणाली. "तू आधी."

बाईंनी अंडं उचललं. वाकड्या मनगटाने ते सोलणं त्यांना नीट जमेना. टरफलाबरोबर पांढरं निघून येत होतं. खार बघत होती, शर्यतीच्या सुरुवातीला बंदुकीकडे बघावं तशी. बाईंनी घास घेतला. घशातून तो दगडासारखा उतरला, आणि पाठोपाठ, कुठून कुणास ठाऊक, अशी भूक उसळली की त्यांना त्या भुकेचीच भीती वाटली. एवढी वर्षं ही कुठे होती?

"कसं लागतं?" खारीने विचारलं.

"अळणी," बाई म्हणाल्या. तोंड भरलेलं होतं आणि डोळेही. "मीठ दे."

खारीने मिठाची पुडी फाडली. थोडं आत्याच्या अंड्यावर टाकलं. मग, दुसरीकडे बघत, जणू हा हात तिचा नव्हेच अशा थाटात, तिने दुसरं अंडं उचललं आणि खाटेच्या लोखंडी कडेवर टक्कन आपटलं.

त्या आवाजाने दोघीही दचकल्या.